सिलिंडर लायनर: निवडायचा कसा, बसवायचा कसा

लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली नळी, पिस्टन तिच्यातच वर-खाली होतो. इंजिन उघडलं की सगळ्यांची नजर आधी बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या गोल पोकळीच्या, आत जाते. ओरखडे किती, वरच्या टोकाला कड पडली आहे का, होनिंगच्या (दगडाने घासून केलेल्या बारीक फिनिशच्या) रेघा शिल्लक आहेत का. ते बघायलाच हवं. पण नवे लायनर टाकूनही इंजिन थोड्याच दिवसांत परत उघडावं लागतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला सापडतो: लायनरची पाठ, त्याची कॉलर (वरच्या टोकाची रुंद कड) आणि ब्लॉकमधली त्याची बैठक. एकदा लायनर बसला की हे काहीच दिसत नाही. म्हणून हा लेख मुद्दाम त्या न दिसणाऱ्या बाजूला झुकता ठेवला आहे.

मी खाली जी मापं देतोय ती सर्वसाधारण अंदाज यावा म्हणून. तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

१. आधी ब्लॉक ओळखा

ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात.

पहिल्यात लायनर नसतोच. बोअर थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडात केलेला असतो. झिजला की ओव्हरसाइज बोअर करायचा आणि तेवढा मोठा पिस्टन टाकायचा. भिंत संपली, तडा गेला किंवा खोल ओरखडा पडला, तर त्यात ड्राय लायनर ठोकून बोअर पुन्हा स्टँडर्डवर, म्हणजे मूळ साइजवर, आणता येतो.

दुसरा ड्राय लायनर. पातळ नळी, भिंत साधारण दोन-तीन मि.मी. ती ब्लॉकमधल्या घरात (लायनरसाठी केलेल्या गोल पोकळीत) घट्ट बसते आणि कूलंटला कुठेच शिवत नाही. उष्णता लायनरमधून ब्लॉकच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात जाते. म्हणजे लायनरची पाठ घराला सगळीकडून चिकटलेली असणं हेच त्याचं खरं काम.

तिसरा वेट लायनर. जाड भिंतीचा, वर कॉलर, खाली ओ-रिंगा (गळती अडवणाऱ्या रबरी रिंगा). त्याची पाठ थेट कूलंटमध्ये असते. डिझेलच्या मोठ्या इंजिनांत हा जास्त दिसतो.

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लायनर ओतकामातच आत धरलेला असू शकतो, किंवा लायनर नसून बोअरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असू शकतो. अशा ब्लॉकला या लेखातली पद्धत लावू नका, तो वेगळ्या मशीनशॉपचा विषय आहे.

आणि एक प्रश्न आधीच स्वतःला विचारा: लायनर लागतोच आहे का? सगळे बोअर सारखेच झिजले असतील आणि पुढच्या साइजचे पिस्टन मिळत असतील, तर बोअर करून भागतं. चारपैकी एकच बोअर खराब असेल तर मात्र त्या एकाला लायनर टाकून स्टँडर्डवर आणणं शहाणपणाचं. एका ब्लॉकमध्ये वेगवेगळ्या साइजचे पिस्टन मला पटत नाहीत. वजनं बदलतात आणि पुढचा मेकॅनिक गोंधळतो तो वेगळाच.

२. काय जमवायचं

कागदपत्रं:
- सर्व्हिस मॅन्युअल, त्यातलं लायनरचं आणि टॉर्कचं (बोल्ट किती आवळायचे त्याचं) पान वेगळं काढून
- इंजिन नंबर आणि जुन्या लायनर-पिस्टनवरचे पार्ट नंबर (एकाच मॉडेलमध्ये मधूनच लायनर बदललेला असतो, म्हणून फक्त मॉडेलचं नाव सांगून पार्ट मागवू नका)
- मापांची वही. सिलिंडरवार रकाने आखून ठेवा.

हत्यारं:
- डायल बोअर गेज आणि त्याला शून्यावर आणायला बाहेरचा मायक्रोमीटर
- डेप्थ मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर आणि स्टँड
- सरळ पट्टी, फीलर गेज
- लायनर पुलर, आणि ड्राय लायनर असेल तर हायड्रॉलिक प्रेस
- नायलॉनचा ब्रश, लिंट न सोडणारं पांढरं कापड, गरम पाणी आणि साबण

व्हर्नियरवर हे काम होत नाही. इथे निर्णय एक-दोन शतांश मि.मी.वर फिरतात आणि व्हर्नियर तेवढा भरवशाचा नाही. बोअर गेज स्वतःचं नसेल तर मापं मशीनशॉपमधून घ्या, पण आकडे लिहून मागा. ‘ओके आहे’ हे माप नव्हे.

३. जुना लायनर काढताना

काढण्याआधी प्रत्येक लायनरवर सिलिंडर नंबर आणि पुढची दिशा मार्करने लिहा. फेकायचाच आहे, मग कशाला? कारण जुना लायनर तुम्हाला इंजिनाचा इतिहास सांगतो आणि दिशा माहीत नसेल तर तो वाचता येत नाही.

वेट लायनर बाहेर आला की त्याची पाठ धुऊन उजेडात फिरवून बघा. पिस्टन ज्या बाजूला आपटतो त्या बाजूला, उभ्या पट्ट्यात, सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर ते कॅव्हिटेशन. स्फोटाच्या वेळी पिस्टन एका भिंतीकडे ढकलला जातो, भिंत थरथरते, तिच्याजवळच्या पाण्याचा दाब क्षणभर पडतो आणि बुडबुडे तयार होतात. ते फुटताना दर वेळी धातूचा कण उचलतात. भोक आरपार गेलं की कूलंट थेट सिलिंडरमध्ये. असं दिसलं तर नवा लायनर हा अर्धाच उपाय. साधं पाणी भरलं जात होतं का, कूलंटमधलं संरक्षक रसायन संपलं होतं का, रेडिएटर कॅप दाब धरत होती का, हे शोधल्याशिवाय नव्याचीही तीच गत होणार.

पाठीवर सगळीकडे सारखा गंज असेल तर तोही कूलंटचाच दोष. ड्राय लायनरच्या पाठीवर काळे आणि चकचकीत डाग आलटून पालटून दिसले, तर लायनर घराला सगळीकडून टेकलेला नव्हता, काळ्या जागी उष्णता अडत होती.

पुलरची प्लेट लायनरच्या खालच्या कडेवर नीट बसली पाहिजे आणि ब्लॉकच्या घराला घासता कामा नये. ड्राय लायनर हट्टी असेल तर मशीनवर आतून बोअर करून त्याची भिंत कागदासारखी पातळ करून घेणं सुरक्षित. छिन्नीने फाडायला गेलात तर घरावर चर पडतो आणि तो चर नव्या लायनरच्या पाठीमागे हवेची पोकळी बनून राहतो.

४. ब्लॉक धुवा, मग तपासा

क्रम हाच. मळलेल्या ब्लॉकमध्ये तडा दिसत नाही. वॉटर जॅकेटमधला गाळ खालून खरवडून काढा. मागच्या सिलिंडरभोवती तो हमखास साचतो. मग डाय पेनेट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) किंवा मॅग्नेटिक तपासणीने तडे बघा, विशेषतः दोन बोअरमधल्या अरुंद पट्टीत आणि कॉलरच्या बैठकीच्या कोपऱ्यात. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासा. तो घासून सपाट करायचा असेल तर वेट लायनरची बैठक मोजण्याआधीच करा, नाहीतर सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतील.

५. मापं

ब्लॉक, लायनर आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवा. हे नखरे नाहीत. ओतीव लोखंड दर अंशाला लांबीच्या साधारण दहा लाखांश भागाच्या अकरापट प्रसरण पावतं. म्हणजे १०० मि.मी.चा लायनर उन्हातून आणला आणि ब्लॉकपेक्षा १० अंशांनी गरम असला, तर तो ०.०११ मि.मी. मोठा मोजला जाईल. जिथे सगळी घट्ट बसणी पाच-सात शतांशांची, तिथे एक शतांश नुसता तापमानात गेला.

लायनर काढल्यावर मोकळं झालेलं घर तीन उंचींवर मोजा: वर, मध्ये, खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशा: क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात. सहा आकडे. दोन दिशांतला फरक म्हणजे घर किती ओव्हल, वर-खालचा फरक म्हणजे टेपर. ड्राय लायनर पातळ असतो, तो घराचाच आकार घेतो. ओव्हल घरात गोल लायनर टाकला की तोही ओव्हल होतो. घर बिघडलेलं असेल तर ते बोअर करून बाहेरून ओव्हरसाइज असलेला लायनर मागवा.

वेट लायनरच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे कॉलरच्या बैठकीची खोली. डेप्थ मायक्रोमीटरने चार ठिकाणी, घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ वर. समजा आकडे आले ८.९५, ८.९५, ८.९६ आणि ८.९९. शेवटचा आकडा सांगतो की त्या कोपऱ्यात बैठक खचली आहे किंवा गंजाने खाल्ली आहे. सरासरी काढून पुढे जाऊ नका. अशा बैठकीवर कॉलर तीन ठिकाणी टेकते आणि चौथ्या ठिकाणी अधांतरी राहते. हेड (सिलिंडरवरचं झाकण) आवळलं की कॉलरच्या मुळाशी वाकवणारा ताण येतो आणि एक दिवस कॉलर अंगठीसारखी तुटून वेगळी होते. बैठक कटरने पुन्हा सपाट करून घ्या आणि कमी झालेली उंची शिमने (ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या रिंगने) भरा.

६. लायनर निवडणं

ड्राय लायनर दोन रूपांत मिळतो. सेमी-फिनिश लायनरचा आतला व्यास मुद्दाम लहान ठेवलेला असतो. प्रेस केल्यावर बोअरिंग आणि होनिंग करायचं. फिनिश लायनर आतून तयार असतो आणि घरात हलक्या हाताने सरकतो, त्याला वरची कॉलर धरून ठेवते. फिनिश लायनर सोपा वाटतो, पण त्याला घर अगदी बिनचूक लागतं. जुन्या, दोनदा-तीनदा उघडलेल्या ब्लॉकला मी सेमी-फिनिशच सुचवेन, कारण घरातल्या बारीक चुका शेवटच्या बोअरिंगमध्ये निघून जातात.

प्रेस होणाऱ्या लायनरला ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये, १०० मि.मी.च्या आसपासच्या बोअरला, साधारण ०.०५ ते ०.०८ मि.मी. घट्टपणा ठेवतात. मशीनशॉपच्या भाषेत दोन ते तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग). ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं’ हा समज काढून टाका. जादा घट्ट लायनर शेजारचा बोअर दाबतो, पातळ भिंतीला तडा देतो. ढिला लायनर उष्णता सोडत नाही आणि पिस्टन जाम होतो. लॉकिंग केमिकल लावून ढिला लायनर पक्का करण्याचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा.

घराच्या तळाला लायनर टेकायला पायरी आहे का बघा. सरळ आरपार घर असेल तर बोअरिंग करताना खाली दोन-तीन मि.मी.ची पायरी सोडायला सांगा, म्हणजे लायनर पुढे कधी खाली सरकणार नाही.

लायनर, पिस्टन आणि पिस्टनच्या रिंगा शक्यतो एकाच किटमधल्या घ्या. वेगवेगळे घेणार असाल तर एक नियम पाठ ठेवा: क्रोमचा लेप असलेल्या लायनरमध्ये क्रोमची रिंग कधीही नाही. दोन्ही एकमेकांना खातात.

किट आलं की लगेच मोजा. पेटीवरचा आकडा हा फक्त पेटीवरचा आकडा आहे.

७. ड्राय लायनर प्रेस करणं

पहिल्यांदा करणाऱ्याने हे काम मशीनशॉपला द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तरी तिथे उभं राहून काय बघायचं ते सांगतो.

घराच्या तोंडाची धार मोडलेली असावी. घर आणि लायनरची पाठ कोरडी, स्वच्छ, फार तर तेलाचा पुसटसा हात. ग्रीस नाही, कारण मध्ये अडकलेला थर उष्णता अडवतो. प्रेसची प्लेट लायनरच्या संपूर्ण कडेवर टेकणारी हवी. लायनर सरळ उभा आहे हे गुण्याने बघून मग दाब द्यायचा आणि मध्ये न थांबता तळापर्यंत न्यायचा. दाब अचानक वाढला तर थांबा, लायनर तिरका चालला आहे. उलट हाताने ढकलून आत गेला तर घट्टपणा पुरेसा नाही, बाहेर काढून पुन्हा मोजा.

काही जण लायनर ड्राय आइसमध्ये गार करून टाकतात. १०० मि.मी.चा लायनर १०० अंशांनी गार झाला की ०.११ मि.मी. आकसतो, म्हणजे तो अलगद उतरतो. पद्धत चांगली आहे, पण पातळ लायनर घराला टेकताच काही सेकंदांत पकडतो, अर्ध्यात अडकला तर अडकलाच. जाड हातमोजे आणि हवेशीर जागा हवी. उतरवल्यावर ब्लॉकच्या तापमानाला येईपर्यंत वरून दाबून धरा, नाहीतर तळाच्या पायरीपासून किंचित वर उचलला जातो.

सगळे लायनर आधी बसवून घ्या, बोअरिंग नंतर. एक बसवून, होन करून मग शेजारचा प्रेस केला तर पहिल्याचा आकार बिघडतो.

८. वेट लायनर बसवणं

हे घरच्या वर्कशॉपमध्ये जमण्यासारखं आहे, घाई नसेल तर.

आधी ओ-रिंग न लावता लायनर नुसता सोडून बघा. तो हाताने तळापर्यंत जायला हवा आणि हाताने फिरायलाही. अडला तर खालच्या भागात जुना गंज किंवा ओ-रिंगचा तुकडा आहे. बैठकीवर केसाएवढाही कण नको. कापडाने पुसून झाल्यावर बोटाने चाचपा, डोळ्याला न दिसलेलं बोटाला लागतं.

आता लायनर बोल्ट-वॉशरने दाबून धरा आणि कॉलर ब्लॉकच्या वर किती राहते ते डायल इंडिकेटरने मोजा. पुन्हा चार ठिकाणी. हा उठाव बहुतेक इंजिनांत काही शतांश मि.मी.चा असतो, आणि मॅन्युअलमध्ये दोन आकडे दिलेले असतात: प्रत्येक लायनरचा कमी-जास्त किती चालेल, आणि एका हेडखालच्या लायनरांमध्ये फरक किती चालेल. दुसरा आकडा लोक विसरतात. उठाव कमी पडला की गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची) आतली रिंग नीट दाबली जात नाही आणि गॅस कूलंटमध्ये शिरतो. जास्त झाला की हेड कॉलरवरच बसतं आणि भोवतालची पाण्याची भोकं गळतात. शेजारचे दोन लायनर वेगवेगळ्या उंचीवर असले तर हेड मधल्या मध्ये वाकतं.

वरच्या उदाहरणातली बैठक सपाट करून ९.०० मि.मी. खोल झाली आणि कॉलरची जाडी ९.०३ असली, तर उठाव ०.०३. मॅन्युअल ०.०६ ते ०.१० मागत असेल तर ०.०५ची शिम टाकून ०.०८ मिळेल. शिम इंजिनासाठी बनवलेलीच घ्या आणि शक्यतो एकच. पत्रा कापून केलेली शिम पुढे हमखास घोटाळा करते. काही इंजिनांत लायनरची बैठक वर नसून खालच्या भागात असते, तिथे शिम किंवा तांब्याची रिंग खाली येते, हिशोब तोच.

उठाव जुळला की ओ-रिंगा. कुठल्या रंगाची कुठल्या खाचेत हे मॅन्युअलमधल्या चित्रावरून लावा, कारण वरची कूलंट अडवते, खालची तेल, आणि त्यांचं रबर वेगळं असू शकतं. रिंग खाचेत बसल्यावर तिच्याखालून एक गुळगुळीत गोल काडी घालून पूर्ण वेढा फिरवा, पीळ निघून जातो. रिंगवरची साच्याची बारीक रेघ सगळीकडे एकाच ओळीत दिसली म्हणजे पीळ राहिला नाही. वंगण मॅन्युअल सांगेल ते: साबणाचं पाणी किंवा इंजिन ऑइल. मनाने ठरवू नका, ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं. सीलंटची ट्यूब इथे लांबच ठेवा.

लायनर सरळ धरून दोन्ही तळव्यांनी दाबा. ओ-रिंगांपाशी थोडा जोर लागेल आणि मग एका झटक्यात तो बसेल. हातोडा घ्यावासा वाटला तर लायनर बाहेर काढा. रिंग कापली गेली आहे किंवा दुमडली आहे.

बसल्यावर लगेच बोअर गेज ओ-रिंगांच्या उंचीवर फिरवा. दुमडलेली रिंग लायनरची भिंत आत ढकलते आणि त्या जागी बोअर एक-दोन शतांशांनी लहान मिळतो. पिस्टन पुढे बरोबर तिथेच धरतो. उठावही पुन्हा मोजा.

दोन ओ-रिंगांच्या मध्ये ब्लॉकला बाहेरून बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. गळती सुरू झाली की ती तिथूनच आधी दिसते.

हेड नसताना क्रँक फिरवायचा असेल तर लायनर बोल्ट-वॉशरने दाबून ठेवलेले असू द्या. पिस्टनच्या रिंगांच्या घर्षणाने लायनर वर उचलला जातो, आणि एकदा उचलला की खाली कचरा शिरायला वेळ लागत नाही.

९. पाण्याची चाचणी

वेट लायनर असेल तर पिस्टन घालण्याआधी वॉटर जॅकेट बंद करून पाणी भरा, हलका दाब द्या आणि ब्लॉकखाली कोरडा पुठ्ठा ठेवून काही तास तसंच सोडा. पुठ्ठ्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो लायनर बाहेर. तेल घातल्यावर तोच थेंब शोधायला सगळं इंजिन उघडावं लागेल.

१०. बोअरिंग, होनिंग आणि धुणं

सेमी-फिनिश लायनर बोअर करताना होनिंगसाठी ०.०५ ते ०.०८ मि.मी. माल शिल्लक ठेवायला सांगा, म्हणजे बोअरिंगच्या हत्याराने फाटलेला थर होनिंगमध्ये निघून जातो. अंतिम साइज पिस्टन मोजून ठरते. प्रत्येक पिस्टन मॅन्युअलने दिलेल्या उंचीवर मोजा, त्यात क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) मिळवा आणि बोअरवर त्या पिस्टनचा नंबर टाका. मशीनशॉपकडे टॉर्क प्लेट असेल तर ती लावून होन करून घ्या. हेड आवळल्यावर बोअर थोडा वाकतो, प्लेटमुळे तो त्याच अवस्थेत गोल होतो. एकमेकांना छेदणाऱ्या रेघा साधारण ४५ अंशांवर आणि सगळीकडे सारख्या दिसल्या पाहिजेत.

धुणं मात्र स्वतः करा. होनिंगच्या दगडाची पूड रेघांत बसते आणि डिझेल किंवा पेट्रोलने पुसली तर ती आणखी आत जाते. गरम पाणी, साबण, ब्रश, आणि भरपूर घासणं. मग पांढरं कापड तेलात भिजवून बोअरमध्ये फिरवा. करडा डाग आला तर पुन्हा धुवा. कापड स्वच्छ निघालं की लगेच तेलाचा हात द्या, उघडा बोअर बघता बघता गंजतो.

११. रिंगा आणि पहिला स्टार्ट

प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या बोअरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सपाट करा आणि तोंडातली फट फीलर गेजने मोजा. वरच्या रिंगला १०० मि.मी. बोअरमागे ०.३ ते ०.४ मि.मी. हा साधारण अंदाज. कमी असेल तर कानशीने एकाच दिशेने घासा. गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडली तर ती मोडते आणि नवा लायनर सोबत घेऊन जाते.

सुरू करण्याआधी प्लग किंवा इंजेक्टर काढून, क्रँक फिरवून ऑइलचा दाब येऊ द्या. सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. रिंगांना भिंतीवर दाबायला सिलिंडरमध्ये दाब लागतो, तो नसेल तर बोअर नुसता गुळगुळीत होतो आणि इंजिन कायमचं तेल खात राहतं. गरम झालं की मध्यम लोडवर, वेग कमी-जास्त करत चालवा. मॅन्युअलने सांगितलं असेल तर हेड पुन्हा टॉर्क करा. पहिलं ऑइल लवकर बदला, आणि काढलेला फिल्टर कापून घडीच्या आतला कागद उलगडून बघा: थोडी बारीक पूड चालेल, चमकणारे तुकडे किंवा दुधाळ तेल दिसलं तर इंजिन तिथेच थांबवा.